न परतलेले भाऊसाहेब



नाशिकहून उत्तरेस निघालेली वाट दिंडोरीवरून वणीकडे जाते. आज ह्या वाटेच्या दोहों बाजूंस द्राक्षांचे मळे पसरलेले दिसतात, आणि सप्तशृंगीच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांखेरीज परगावच्या माणसाचे तिकडे फारसे येणे-जाणे होत नाही. परंतु इतिहास वाचणाऱ्यास दिंडोरीचे नाव निघाले की सन १६७० मधील ऑक्टोबर महिना आठवतो. सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज बागलाणातून परतत असता दाऊदखान कुरेशी आडवा आला, आणि १७ ऑक्टोबर रोजी वणी-दिंडोरीच्या आसमंतात महाराजांनी उघड्या मैदानावर मोगली फौजेचा मोड केला. ह्या विजयाची नोंद बखरकारांनी केली, इतिहासकारांनी केली. मात्र त्या दिवशी दोन्ही बाजूंची जी माणसे घरी परतली नाहीत, त्यांची यादी कोणी ठेवली नाही. त्यांच्या घरच्यांनी किती दिवस वाट पाहिली असेल? आणि ‘आता तो येत नाही’ असे कोणत्या दिवशी, कशाच्या आधारावर ठरविले असेल?

हा प्रश्न नुसता भावनेचा नाही. माणूस मेला, असे म्हणावयास पुरावा लागतो. तो जिवंत आहे, असे म्हणावयासही पुरावा लागतो. आणि दोहोंपैकी एकही पुरावा हाती नसतो तेव्हा त्याची बायको, त्याची जमीन, त्याचे देणे-घेणे ही सर्व अधांतरी लोंबकळत राहतात. अनामिकांची हकिगत आपणांस ठाऊक नाही. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासात एक असा पुरुष आहे की ज्याच्या न परतण्याने एका स्त्रीचे सारे उरलेले आयुष्य आणि एका राज्याची जवळजवळ सोळा वर्षे व्यापली. तो पुरुष म्हणजे सदाशिवराव भाऊ.

भाऊसाहेबांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे मोठा, पोक्त सेनापती उभा राहतो. वस्तुतः त्यांचा जन्म सन १७३० चा. वसई घेणाऱ्या चिमाजी आप्पांचे ते चिरंजीव, नानासाहेब पेशव्यांचे चुलत बंधू. पानपतावर ते उतरले तेव्हा तीस वर्षांचे होते. त्यांच्याबरोबरचे विश्वासराव अठरा वर्षांचे, आणि जनकोजी शिंदे तर विशीही न ओलांडलेले. सन १७६० च्या आरंभी उदगिरास निजामाचा पराभव, त्याच वर्षी दिल्ली, त्याच वर्षी कुंजपुरा, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानपत. एका वर्षात माणूस कोठून कोठे जाऊन पोहोचला, हे पाहिले म्हणजे मन थक्क होते.

त्या बुधवारी दुपारपर्यंत मराठ्यांचा जोर होता. मग विश्वासरावांस गोळी लागली. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. त्यांची रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, असे सांगतात. त्यानंतर त्यांस आपल्या पक्षाच्या ज्या माणसांनी पाहिले, त्यांच्यापैकी ‘ते माझ्या डोळ्यांदेखत पडले’ असे घरी येऊन खात्रीने सांगणारा कोणी निघाला नाही. आपल्या भाषेत ‘भाऊगर्दी’ हा शब्द त्या दिवसापासून रुजला, असे मानतात. लग्नाच्या मांडवात किंवा स्टेशनावर तो आपण किती सहजपणे वापरतो!

आता पुराव्याकडे वळू. काशीराज पंडित हा सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला कारकून. तो अब्दालीच्या बाजूच्या छावणीत होता, मराठ्यांकडील लोकांशी त्याचा बोलण्याचा संबंध होता, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने फारसीत ह्या लढाईचा वृत्तांत लिहिला. त्यात तो म्हणतो की विश्वासरावांचे शव सापडले. अफगाणांना ते काबुलास न्यावयाचे होते, पण सुजाउद्दौल्याने ते मागून घेऊन त्यास अग्नी देवविला. भाऊसाहेबांच्या बाबतीत मात्र प्रथम सापडले ते शिर नसलेले धड. ते ओळखावयास पूर्वपरिचित वकिलांस नेण्यात आले. त्यांनी खुणा सांगितल्या: मांडीवरील डाग, पाठीवर पूर्वी मुजफ्फरखान गारद्याच्या कारस्थानात झालेल्या जखमेचा वण, आणि पायाच्या तळव्यावरील शुभ रेषा. शिर एका सैनिकाने लपविले होते, ते नंतर मिळाले, आणि तेही दहन करण्यात आले.

पुष्कळ इतिहासकारांस हा पुरावा पटला आहे, आणि मलाही तो पटतो. पाठीवरच्या जुन्या वणाची खूण बाहेरच्या माणसास सहसा सुचावयाची नाही. परंतु श्रोत्यांनी क्षणभर पुण्यातील शनिवारवाड्यात बसून ह्या पुराव्याकडे पाहावे. शव घरच्या कोणी पाहिले नाही. पाहिले ते शत्रूच्या छावणीत, शत्रूच्या परवानगीने, दुसऱ्याच्या चाकरीतील माणसांनी. दहन झाले तेही तेथेच. हजारो प्रेतांच्या राशीतून एक बिनशिराचे धड निवडले गेले. आणि ही बातमी आली ती अफवांच्या लोंढ्याबरोबर: कोणी म्हणे भाऊसाहेब जाटांच्या मुलखात आहेत, कोणी म्हणे उत्तरेतील एका जमीनदाराच्या आश्रयास आहेत. माणसाचे मन अशा वेळी कोणत्या बातमीकडे ओढ घेते, हे सांगावयास नको. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जून महिन्यात पर्वतीवर निवर्तले. तोवर त्यांनी भाऊंची वाट पाहिली असेल, असे म्हणण्यास मला तरी संकोच वाटत नाही.

जनकोजी शिंद्यांची हकिगत तर ह्याहूनही अंधारी आहे. जखमी होऊन ते बरखुर्दारखान नावाच्या सरदाराच्या हाती सापडले, त्यांना सोडविण्यासाठी खंडणीचे बोलणे चालू होते, आणि शोध होणार अशी चाहूल लागताच त्यांस गुपचूप मारून पुरून टाकण्यात आले, असे काशीराज सांगतो. ज्या खुनाचा हेतूच मुळी पुरावा नाहीसा करणे हा होता, त्याचा पुरावा कोठून मिळावा? पुढे त्यांच्या नावाचाही एक तोतया निघालाच.

पेशव्यांच्या घरात आता दोन स्त्रिया होत्या, नात्याने चुलत जावा. गोपिकाबाई ह्या विश्वासरावांच्या मातोश्री. मुलगा गेला, हे त्यांस निश्चित कळले; त्याच्या दहनाची वार्ता आली. पुढे पती गेले, धाकट्या मुलाशी, माधवरावांशी, पटेनासे झाले, आणि त्या नाशिकजवळ गोदाकाठी गंगापुरास जाऊन राहिल्या. दिंडोरीहून नाशिकला उतरणाऱ्यास हे गंगापूर पश्चिमेस काही कोसांवर लागते. तेथेच त्यांनी उरलेले आयुष्य व्रतवैकल्यांत काढले. त्यांचे देहावसान १७८८ साली झाले. त्यांचे दुःख अपार होते, परंतु त्यास एक आकार होता. दुसऱ्या स्त्रीचे, भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंचे, तसे नव्हते. त्या स्वतः मोहिमेत पतीबरोबर होत्या, पानपताच्या धामधुमीतून विश्वासू माणसांनी त्यांस वाचवून आणले. परत आल्यावर त्यांनी सौभाग्याची चिन्हे उतरविण्याचे नाकारले. पती गेले, असे सांगणाऱ्याचे त्यांनी मानले नाही, आणि मानावे म्हणून त्यांच्यावर सक्ती करण्याचे धैर्य वाड्यात कोणास झाले नाही.

येथे थोडे शास्त्राकडे पाहावे लागेल, कारण आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न अनुत्तरित ठेवलेला नव्हता. परदेशी गेलेला माणूस बारा वर्षे परतला नाही व त्याची वार्ताही आली नाही, तर तो मेला असे धरून त्याची क्रिया करावी, अशी धर्मशास्त्राच्या निबंधांत व्यवस्था आहे. शव नसल्यामुळे पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यावयाचा. ह्यालाच पालाशविधी म्हणतात. ह्या बारा वर्षांच्या हिशेबाने पार्वतीबाईंचा प्रश्न सन १७७३ मध्ये संपावयास हवा होता. पराशरस्मृतीत स्त्रीला दुसरा पती करण्याची मोकळीक ज्या पाच आपत्तींत दिली आहे, त्यांपैकी पहिली आपत्ती पती बेपत्ता होणे हीच आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ साली पुनर्विवाहाचा पक्ष मांडताना ह्याच वचनाचा आधार घेतला. पेशव्यांच्या वाड्यात मात्र ह्यांपैकी कोणताही मार्ग मोकळा नव्हता. नुसती शंका जिवंत होती.

आणि शंका जिवंत असली म्हणजे तिचा उपयोग करणाराही केव्हा तरी पुढे येतोच.

बुंदेलखंडाकडील सुखनिधान नावाच्या एका कनोजी ब्राह्मणाची मुद्रा भाऊसाहेबांशी मिळतीजुळती होती, म्हणे. ‘मीच सदाशिवराव’ असे सांगत तो उत्तरेत वावरू लागला. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत त्याला धरून पुण्यास आणले, चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि त्याला कैदेत टाकण्यात आले. माधवरावांनी त्याला जिवे मारले नाही, हे लक्षात ठेवावे. घरातल्या एका बाईच्या मनातील आशेचा त्यात काही भाग असावा, असे माझे अनुमान आहे. त्यास आधार मागाल तर माझ्याजवळ नाही.

पुढे १७७२ साली माधवराव गेले. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा इंग्रजांस जाऊन मिळाले. पेशवेपदावर दोन वर्षांचे मूल, आणि कारभार बारभाईंच्या हाती. अशा वेळी, १७७६ च्या आरंभी, रत्नागिरीच्या किल्ल्यावरील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे ह्यांनी आपल्या बंदिवानास मुक्त केले आणि त्याच्या नावाने द्वाही फिरविली. हां हां म्हणता वीस हजारांच्या आसपास माणूस त्याच्याभोवती गोळा झाले, कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या हाती गेले, आणि त्याची फौज घाट चढून वर आली. शेवटी महादजी शिंदे व भिवराव पानसे ह्यांनी त्याचा मोड केला. तो समुद्रमार्गे पळून जाऊ लागला तेव्हा कुलाब्याच्या राघोजी आंग्ऱ्यांनी त्याला पकडून पुण्याच्या स्वाधीन केले.

तोतयाच्या मागे एवढे लोक का लागले? सर्वच फसले असे नाही. काहींना बारभाई नको होते, काहींना लूट हवी होती. परंतु पुष्कळांना तो खरोखरच भाऊ वाटला, आणि ह्याचे मला मुळीच नवल वाटत नाही. पंधरा वर्षे लोटली होती. तीस वर्षांचा पुरुष सेहेचाळीस वर्षांचा झाल्यावर कसा दिसेल, हे कोणास सांगता येते? त्यातून पंधरा वर्षे कैद, उपास, प्रवास. चेहरा जुळला नाही तरी ‘हाल सोसले, बदलणारच’ असे म्हणता येते. आणि जुळला तर प्रश्नच मिटला. ओळख पटविण्यास चेहऱ्याइतका दुबळा साक्षीदार दुसरा नाही.

चौकशीच्या वेळी कारभाराचे सूत्र नाना फडणिसांच्या हाती होते. हे नाना स्वतः पानपतास होते. तेव्हा त्यांचे वय विश्वासरावांएवढेच होते. त्या दिवसाची हकिगत त्यांनी आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. जीव वाचवून ते परत आले, परंतु बरोबर असलेल्या त्यांच्या मातोश्री त्या पळापळीत त्यांस अंतरल्या. म्हणजे न परतलेल्या माणसाची वाट पाहणे काय असते, हे ह्या कठोर मुत्सद्द्यास पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. पंचांपुढे चौकशी होऊन १७७६ च्या डिसेंबरात तोतयास देहदंड देण्यात आला. न. चिं. केळकरांनी १९१३ साली ह्याच प्रसंगावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले, ते आपल्यापैकी अनेकांच्या वाचनात असेल.

अशी प्रकरणे आपल्याकडेच घडली असे नाही. इंग्लंडात रॉजर टिचबोर्न नावाचा पंचवीस वर्षांचा श्रीमंत तरुण १८५४ साली जहाजाबरोबर समुद्रात नाहीसा झाला. त्याच्या आईने आशा सोडली नाही. तिने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. बारा वर्षांनी ऑस्ट्रेलियातून एक खाटीक आला, आणि आईने त्याला पोटाशी धरले! खऱ्या रॉजरचे बालपण पॅरिसमध्ये गेले होते, आणि ह्या गृहस्थास फ्रेंच मुळीच येत नव्हते. १८७४ साली त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. बंगालात भवाल संस्थानाचा मधला कुमार १९०९ साली दार्जिलिंगास वारला, असे सर्वांनी मानले. बारा वर्षांच्या सुमारास ढाक्यात एक संन्यासी प्रकट झाला. बहिणीने त्याला ओळखले, पत्नीने अखेरपर्यंत नाकारले. हजाराहून अधिक साक्षीदार झाले. १९३६ साली ढाक्याच्या न्यायाधीशांनी, १९४० साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने आणि १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने संन्याशाच्याच बाजूने निकाल दिला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो मरण पावला. एका ठिकाणी आईने खोट्याला खरे मानले, दुसऱ्या ठिकाणी न्यायालयाने ज्याला खरे ठरविले त्याला पत्नीने मानले नाही. रक्ताचे व लग्नाचे नाते हा पुरावा खरा. पण तो तपासून घ्यावा लागतो.

आजचा कायदा ह्या गुंत्यातून कसा मार्ग काढतो, हे आता सांगावयास हवे, कारण ते तुम्हांआम्हांस उपयोगी आहे. समजा, दिंडोरी तालुक्यातील एखाद्या घरातला पंचविशीचा मुलगा सकाळी नाशिकला म्हणून गेला आणि परतला नाही. पोलीस ठाण्यात बेपत्ता म्हणून नोंद झाली, शोध झाला, हाती काही लागले नाही. वर्षे गेली. वडिलांच्या पश्चात सात-बाराच्या उताऱ्यावर नावे चढवावयाची वेळ आली. त्याचे नाव चढवावे की त्याच्या वारसांचे? द्राक्षबागेवरच्या कर्जास सही कोणाची घ्यावयाची?

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात दोन कलमे होती, १०७ आणि १०८. त्यांची जागा १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील ११० व १११ ह्या कलमांनी घेतली आहे, आशय तोच. पहिले कलम म्हणते: गेल्या तीस वर्षांत जो जिवंत होता असे दिसते, तो मेला असे जो म्हणेल त्याने ते सिद्ध करावे. दुसरे कलम ह्यास अपवाद करते: जिवंत असता ज्यांना त्याची खबर साहजिकच लागली असती, अशांना सात वर्षे त्याची खबर नसेल, तर तो जिवंत आहे असे जो म्हणेल त्याने ते सिद्ध करावे.

ह्यातील शब्द बारकाईने पाहावेत. कायदा म्हणत नाही की सात वर्षांनी माणूस मेला. तो फक्त पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर ठेवतो. आणि हे ओझे हलते ते कशाने? घरच्यांच्या मौनाने. आईला पत्र आले नाही, बायकोला निरोप आला नाही, भावाच्या कानी काही आले नाही, हे न येणेच येथे पुरावा ठरते. म्हणून घरच्यांनी शोध केला होता, पोलिसांत नोंद वेळीच केली होती, ह्याचे कागद जपून ठेवणे फार महत्त्वाचे आहे. सात वर्षांनी दिवाणी न्यायालयात दावा लावून त्या आधारे घोषणा मिळविता येते, आणि मग महसुली दप्तरातील नोंदीचा मार्ग मोकळा होतो. पत्नीला घटस्फोट हवा असल्यास, सात वर्षे पती जिवंत असल्याची खबर नसणे हे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने स्वतंत्र कारण मानले आहे.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते आणि तीच त्यांना भोवते. कायदा मृत्यू गृहीत धरतो, मृत्यूची तारीख गृहीत धरीत नाही. २००४ साली आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. माणूस ज्या दिवशी नाहीसा झाला त्याच दिवशी तो मेला, असे धरता येत नाही. अमुक दिवशी मेला असे ज्याला म्हणावयाचे असेल, त्याने ते सिद्ध केले पाहिजे. ह्याचा व्यवहारातला अर्थ असा की घरचा माणूस बेपत्ता झाल्यावर ‘आता तो नाहीच’ म्हणून त्याच्या विम्याचे हप्ते थांबविले, तर सात वर्षांनी हाती बंद पडलेला विमा येण्याची भीती असते. ज्या बाईच्या घरातला मिळवता हात गेला, तिनेच हप्ते भरीत राहावयाचे! कायद्याची बाजू मला समजते. तिच्यातील कठोरपणाही दृष्टीआड करता येत नाही. बाप आधी गेला की बेपत्ता मुलगा आधी गेला, ह्यावर वारसाहक्क अवलंबून असेल तर तेथेही हीच अडचण उभी राहते.

भाऊसाहेबांस आजचा कायदा लावला असता काय झाले असते? सन १७६८ मध्ये सात वर्षे पुरी होत होती. त्यानंतर ‘भाऊ जिवंत आहेत’ हे सिद्ध करण्याचे ओझे तोतयावर आणि त्याच्या कैवाऱ्यांवर पडले असते. आणि पाठीवरचा वण त्याच्याजवळ होता का, एवढ्या एकाच प्रश्नाने बराच भाग उरकला असता. आजच्या काळात तर हाडाच्या तुकड्यावरून किंवा रक्ताच्या थेंबावरून नाते ताडून पाहता येते. चिमाजी आप्पांच्या वंशाशी ते जुळते की नाही, हे प्रयोगशाळेने सांगितले असते. परंतु पानपतावर दहन झाले होते, आणि राखेला बोलते करण्याची विद्या शास्त्रज्ञांनाही साधलेली नाही.

आणि ज्या घरात वाट पाहणे चालू असते, तेथे कायद्याच्या मुदतीचा उपयोग मर्यादितच असतो. १९७१ च्या युद्धात जे भारतीय जवान व अधिकारी परतले नाहीत, त्यांपैकी ५४ जण पाकिस्तानच्या तुरुंगांत असावेत, असा समज त्यांच्या घरच्यांनी कित्येक दशके बाळगला. १९८३ साली आणि पुन्हा २००७ साली काही नातेवाईक सीमा ओलांडून तेथील तुरुंग पाहून आले. कोणी सापडले नाही. त्यांतले बहुतेक जण युद्धाच्या वेळी तरुण होते. घरी राहिलेल्या त्यांच्या फोटोंतील चेहरे तसेच तरुण आहेत, आणि फोटो पुसणारे हात म्हातारे झाले.

हरियाणात रोहतक जिल्ह्यातील सांघी गावी भाऊसाहेब पानपतानंतर साधू होऊन राहिले, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. त्यांच्या नावाचे स्थानही तेथे दाखवितात. पुण्यास तोतया जाऊनही सात वर्षे झाली, तरी पार्वतीबाई कुंकू लावीत होत्या. १७८३ साली त्या वारल्या तेव्हा पानपतास बावीस वर्षे झाली होती.